अरणीतले अठरा दिवस

माझं आणि देवचंद बिऱ्हाडेचं शेत लागून आहे, मधे फक्त एक नाला. अलीकडे माझं दीड एकर, पलीकडे त्याचं सहा एकर. आम्ही दोघं सातवीपर्यंत एकाच वर्गात होतो. पुढे मी शिक्षक झालो आणि छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून फिरून गावी परतलो. तो मला आता मास्तर म्हणतो. मी त्याला देवचंदच म्हणतो.

आमचं गाव पारोळ्यापासून नऊ किलोमीटरवर. शिवारात सगळीकडे कापूस, नाहीतर मका, थंडीत दादर ज्वारी. बटाटा इथे कुणी लावत नसे. बटाटा म्हणजे इंदूरहून ट्रकमधून येणारी वस्तू. तो आमच्या मातीत आणला देवचंदने, आणि त्याला आता चाळीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षांचा असताना तो गावातल्या काही मजुरांबरोबर मंचरकडे बटाटा काढणीला गेला. बाकीचे हंगाम संपल्यावर परत आले, हा तिथेच राहिला. सहा वर्षं राहिला. ज्यांच्याकडे कामाला होता त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला बेणं कापण्यापासून माल साठवण्यापर्यंत सगळं शिकवलं. परत येताना एसटीच्या टपावर बेण्याच्या दोन गोण्या टाकून आला. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं तेव्हा, तो सांगतो, खिशात जेवणापुरतेही पैसे उरले नव्हते.

त्याच्या वडिलांची जमीन नाल्याकाठची, अर्धी मुरमाड. पहिल्या वर्षी त्याने अर्ध्या एकरात बटाटा लावला आणि चांगला पिकवला. पण गावातल्या काही घरांनी त्याच्या हातचा माल घेतला नाही. का घेतला नाही हे कुणी बोललं नाही, आणि कुणी विचारायचीही गरज नव्हती. बिऱ्हाडे म्हणजे बौद्धवाड्यातलं घर. देवचंद भांडला नाही. सायकलच्या कॅरिअरला गोणी बांधून तो पारोळ्याच्या बाजारात जाऊन बसू लागला. तिथे माल बघतात, मालकाचं घर विचारत नाहीत. चार-पाच वर्षांत तीच घरं महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्याच्या खळ्यावर पिशव्या घेऊन यायला लागली. त्याने त्यांनाही तोच भाव लावला जो बाजारात होता, ना कमी ना जास्त.

भावाच्या बाबतीत त्याचे स्वतःचे काही नियम होते आणि ते तो कुणालाही मोकळेपणाने सांगे. सहा एकरांतल्या दोनच एकरांत बटाटा, त्याहून एक सरी जास्त नाही. बाकी कापूस आणि दादर, म्हणजे एक पडलं तरी घरात भाकरी असते. बेणं स्वतःच्या पैशाने घ्यायचं. माल काढल्या दिवशी विकायचा नाही आणि घाबरून तर कधीच विकायचा नाही. बाजाराचा अंदाज घ्यायला तो आडत्यांना विचारत नसे. बसस्टँडवरच्या गाडीवर जाऊन एक वडा घेई, तळहातावर ठेवून बघे. वडा लहान झाला म्हणजे बटाटा चढायला लागला. वड्यातला बटाटा गुळचट लागला की तो शीतगृहातला जुना माल, म्हणजे नवा अजून बाजारात यायचाय. आम्ही हसायचो. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

तीन वर्षांपूर्वी वेफर्स बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं आमच्या भागात आली. बेणं ते रोखीने देणार, माल ते घेणार आणि भाव लावणीच्या आधीच ठरणार. किलोला चौदा रुपये. काढणीच्या वेळी इंदूरचा माल आला की बाजारात भाव सहा-सातवर यायचा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी कुणी पुढे होईना. कारण हा बटाटा वेगळा. गोल, पिठूळ, भाजीत विरघळणारा. कंपनीने घेतला नाही तर भाजीचे व्यापारी त्याला हात लावायला कुरकुरतात. मग देवचंदने पहिल्या वर्षी एक एकर लावला, पैसे वेळेवर मिळाले. दुसऱ्या वर्षीही मिळाले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या हंगामात, आम्ही अकरा जणांनी कागदावर सह्या केल्या. मी अर्धा एकर लावला. बाकी दहाही जणांनी सही करण्यापूर्वी देवचंदला विचारलं होतं. त्याने कुणालाही कर असं म्हटलं नव्हतं. पण त्याने केलंय म्हणून आम्ही केलं, हे खरं होतं, आणि त्यालाही ते माहीत होतं.

पीक चांगलं आलं. जानेवारीत मात्र थंडीने कहर केला. धुळ्याला पारा पाचाच्या खाली गेला, रावेरकडे केळीची पानं करपली. आमच्या शिवारात सकाळी कोबीवर दव गोठलेलं दिसायचं. बटाटा जमिनीखाली, त्याला काय होणार, असं आम्ही समजलो. फेब्रुवारीच्या मध्यात काढणी केली. बटाटा गोट्यासारखा गुळगुळीत, साल घट्ट, एकावरही डाग नाही. प्रेमराज पाटील म्हणून पस्तिशीतला एक शेतकरी आमच्या गटात होता. ढीग बघून तो म्हणाला होता की यंदा नव्या मोटारसायकलीला हरकत नाही.

कंपनीचं खरेदी केंद्र पारोळ्याला, मार्केटच्या मागे एका शेडमध्ये. तिथे नीलेश नावाचा तरुण अधिकारी होता, स्वभावाने सरळ. गाडी आली की तो दहा गोण्यांतून दहा बटाटे काढायचा, यंत्रावर पातळ चकत्या करायचा आणि तेलात तळायचा. चकत्या पिवळ्याधमक आल्या तर गाडी काट्यावर. पहिली गाडी देवचंदची आणि माझी मिळून होती. मी शेजारी उभा होतो. तेलात चकत्या पडल्या, फुलल्या, आणि बघता बघता कडांनी तपकिरी होऊन मधेपर्यंत काळपट झाल्या. नीलेशने दुसऱ्या दहा गोण्या उघडल्या. तसंच. तिसऱ्यांदा तळलं, तसंच.

त्याने तेल निथळून चकत्या कागदावर ठेवल्या आणि म्हणाला, "आबा, माल देखणा आहे. पण साखर चढलीये. असा वेफर कुणी विकत घेणार नाही. मला गाडी परत करावी लागेल."

देवचंदने एक चकती तोंडात टाकली, चावली. मग त्याने दोनच गोष्टी विचारल्या. केंद्र कधी बंद होणार, आणि तोच माल पुन्हा आणला तर चालेल का. नीलेशने करार काढून बघितला. केंद्र बारा मार्चपर्यंत चालू होतं. नाकारलेला माल एकदा पुन्हा आणता येत होता, एकदाच.

संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्याही गाड्या परत आल्या. थंडी सगळ्यांच्याच शेतात पडली होती. मारुतीच्या पारासमोर माणसं जमली. सगळे देवचंदकडेच बघत होते, आणि ते बघणं मला बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. प्रेमराजने आडत्याला फोन लावला होता. आडत्या म्हणत होता, हा भाजीचा माल नाही, सहा रुपयांनी घेतो, तेही उद्याच्या उद्या. परवा इंदूरच्या गाड्या आल्या की पाचने.

देवचंद उठून उभा राहिला.

"माल खराब नही शे," तो म्हणाला. "त्याले थंडी लागेल शे. ऊब भेटनी तर साखर उतरी. मी मंचरले देखेल शे. पंधरा-अठरा रोज सावलीमा ठेवना पडी."

प्रेमराजने विचारलं, नाही उतरली तर?

"नही उतरनी तर मना दोन एकरना माल बी जाई, तुमना बी जाई. मी कोनले थांब म्हनत नही. मी थांबस."

मंचरच्या त्या म्हाताऱ्याकडे शीतगृहातून आणलेला माल वेफर्सवाल्यांना देण्याआधी काही दिवस झाडाखाली ठेवत. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि उबेत ती पुन्हा कमी होते, एवढं देवचंदने तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तो माल शीतगृहातला होता. शेतातच थंडी खाल्लेला माल असा सुधारतो का, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ही गोष्ट त्याने त्या संध्याकाळी पारावर सांगितली नाही. मला सांगितली, नंतर, घरी जाताना.

अकरांपैकी चौघांनी दुसऱ्या दिवशी माल विकला. प्रेमराज त्यांतला एक. त्याला शेत मोकळं करून उन्हाळी भुईमूग पेरायचा होता, आणि माल ठेवायला त्याच्याकडे सावलीही नव्हती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः सकाळी आडत्याचा नंबर काढून बसलो होतो. फोन लावला नाही तो केवळ देवचंद नाल्यापलीकडे फावडं घेऊन उतरलेला दिसला म्हणून.

त्याने नाल्याकाठच्या कडुनिंबांखाली जमीन सारखी करून घेतली, पाणी मारलं, ती सुकू दिली आणि त्यावर बटाट्याची लांबट रास रचली. याला मंचरकडे अरण म्हणतात. मधे मधे हवा जायला तुराट्यांच्या जुड्या उभ्या ठेवल्या, वरून कडुनिंबाचा पाला आणि उसाचं पाचट घातलं. पाल्याने पतंग दूर राहतो. पतंगाने अंडी घातली की आठवड्यात ढीग पोकळ होतो. आम्ही सातही जणांनी आपापला माल तिथेच आणला. एकूण सात अरणी झाल्या. त्याची सगळ्यात शेवटी रचली गेली आणि तिला सावली सगळ्यात कमी होती.

देवचंदची बायको लिलाबाई फारसं बोलत नाही, पण घरातली परीक्षा तिने हातात घेतली. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक अरणीतून एक बटाटा काढायचा, किसणीवर चकत्या करायच्या आणि चुलीवरच्या कढईत तळायच्या. त्या ती जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवी, तारीख घालून, फळीवर. आधीच्या चकत्यांशेजारी नव्या. पहिल्या ओळीतल्या काळ्या. तीन दिवसांनी काळ्या. सहा दिवसांनीही काळ्याच. आम्ही रोज काही ना काही निमित्त काढून त्या फळीपाशी जायचो. मला एकदा वाटलं की रंग उतरलाय. लिलाबाई म्हणाली, "मास्तर, दारमा उजेड शे म्हनीसन तसं दिखस." तिने कागद आत सरकवला आणि रंग पुन्हा होता तसा झाला.

त्या शनिवारी त्यांची मुलगी संघमित्रा आली. ती दीपनगरच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत आहे, बॉयलरचं पाणी तपासायचं काम करते. तिने पर्समधून तापमापक काढला आणि बापाच्या अरणीत हात कोपरापर्यंत घालून खुपसला. बाहेर बऱ्यापैकी गार वारा होता, आत एकोणतीस अंश. तिने सांगितलं की बटाटा श्वास घेतो, त्याची स्वतःची ऊब होते. वीसच्या आसपास असेल तर साखर उतरेल, तीसच्या वर गेलं तर माल सडेल. देवचंदने तिचं सगळं ऐकून घेतलं. पहाटे आणि दिवस मावळल्यावर पाचट बाजूला करायचं आणि ऊन चढायच्या आत पुन्हा झाकायचं, असं दोघांनी ठरवलं. जाताना ती तापमापक ठेवून गेली. तो वापरायला देवचंदला माझा चष्मा लागायचा.

अकराव्या दिवशी वास आला. सकाळी पाचट काढताना मला आला, आंबूस, ओला. माझ्याच अरणीतून. माझा माल नाल्याच्या खोलगट भागातला, काढताना फावड्याने बरेच बटाटे कापले गेले होते आणि मी ते निवडून टाकायचा कंटाळा केला होता. देवचंदने ढिगात हात घातला, बाहेर काढला तेव्हा बोटांना पांढरं पाणी लागलं होतं. त्याने लगेच सातही अरणी उघडायला लावल्या.

तो दिवस आम्ही सगळे खाली बसून बटाटे निवडत होतो. लिलाबाई नुसत्या वासावरून सडका बटाटा काढायची. दुपारी एक मोटारसायकल येऊन थांबली, जुनीच. प्रेमराज उतरला. त्याचा माल तर कधीच विकला गेला होता. त्याने चप्पल काढली, बाही दुमडली आणि माझ्या ढिगापाशी येऊन बसला. दिवस मावळेपर्यंत बसला होता. का आला हे त्याला कुणी विचारलं नाही. लिलाबाईने त्याला सगळ्यांबरोबर भाकरी वाढली आणि तो सगळ्यांबरोबर जेवला.

माझ्या सहा गोण्या गेल्या. बाकीच्यांच्या मिळून चार. माल थोडा सुकून वजनातही घट आलीच होती. त्या रात्री मी जेवलो नाही. देवचंदही धड जेवत नव्हता, हे मला लिलाबाईकडून नंतर कळलं. पारावरच्या त्या संध्याकाळपासून तो अर्धीच भाकरी खात होता.

पंधराव्या दिवशी सकाळी लिलाबाई स्वतः नाल्यावर आली. ती कधी येत नाही. पदराखाली वर्तमानपत्राचा कागद होता. तिने तो कडुनिंबाच्या बुंध्यापाशी उघडला. काळ्या, काळ्या, काळ्या, तपकिरी, आणि शेवटची ओळ फिकट. अगदी पिवळी नाही, पण कडा सोडल्या तर स्वच्छ. देवचंदने कागद उन्हात नेला, सावलीत नेला, पुन्हा उन्हात नेला.

"आखो तीन रोज," तो म्हणाला.

त्याला आत्ताच गाडी भरायचा मोह झाला नसेल असं नाही. आम्हाला तर झालाच होता. आभाळ दोन दिवसांपासून भरून येत होतं, आणि मार्चमधलं आभाळ आमच्याकडे गारा घेऊन येतं. पण परत न्यायची संधी एकच होती. आम्ही ताडपत्र्या आणून ठेवल्या आणि थांबलो. पाऊस अमळनेरकडे पडला, आमच्याकडे नुसता वारा आला आणि ताडपत्रीची दोन टोकं धरून देवचंद आणि मी दोघं म्हातारे तासभर उभे होतो.

दहा मार्चला टेम्पो भरला. पहिल्या खेपेत सगळ्यांच्या थोड्या थोड्या गोण्या घेतल्या. त्याचं म्हणणं, जे व्हायचं ते सगळ्यांचं बरोबर होऊ दे. शेडमध्ये नीलेशने आम्हाला ओळखलं. गोण्या उघडल्या, बटाटे घेतले, चकत्या पाडल्या. तेल तापेपर्यंत देवचंद बाहेर जाऊन उभा राहिला, शेडकडे पाठ करून. मी आत थांबलो. चकत्या तेलात पडल्या, फुलल्या, कडा वळल्या. मी मोजत होतो, शाळेत पाढे म्हणायचो तसे, मनातल्या मनात. नीलेशने झारा वर काढला. पिवळ्या. एखाद-दुसरीला कडेला बदामी छटा, बाकी सगळ्या पिवळ्या.

त्याने दुसऱ्या गोण्यांमधून पुन्हा तळल्या. मग तिसऱ्यांदा. माझ्या गोण्यांतल्या चकत्या जरा गडद होत्या. त्याने त्यांतल्या चार गोण्या बाजूला ठेवल्या आणि बाकीच्या घेतल्या. वहीत सही केली आणि बाहेर आला.

"आबा, गाडी काट्यावर घ्या," तो म्हणाला. "बाकीचा माल उद्या-परवा आणा. सगळा घेतो."

देवचंद वळला नाही लगेच. मी त्याच्या पुढ्यात गेलो. मग तो काट्याच्या सिमेंटच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. एक तांब्या प्यायला, दुसरा तोंडावर मारला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने माझा गुडघा दाबून धरला, बराच वेळ, जसा काही तो माझा नाही, त्याचाच आहे.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "माले भाव भेटना ना, त्यानं सुख वाटनं. पन त्या सहा जन मनाकडे देखीसन थांबनात, ते माले जास्ती जड व्हतं. ते उतरनं आते."

दोन दिवसांत बाकीच्या अरणीही गेल्या. सड आणि घट वजा जाता सातही जणांना ठरलेला भाव मिळाला, आणि आठवड्यात पैसे खात्यावर आले. माझ्या बाजूला काढलेल्या चार गोण्या आम्ही वाटून खाल्ल्या; भाजी जरा गोडसर व्हायची, मुलांना आवडली. प्रेमराजने मला विचारलं की पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कोणती झाडं लावली तर सावली लवकर होईल. मी त्याला देवचंदकडे पाठवलं. देवचंदने त्याला झाडांचं सांगितलंच, शिवाय हेही सांगितलं की यापुढे अर्धाच माल कंपनीचा लाव, अर्धा भाजीचा, म्हणजे एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहील. या वर्षी आम्ही सगळ्यांनीच तसं केलंय.

पण मला त्या सगळ्यातली आठवते ती पहिल्या खेपेची परतवाट. टेम्पो रिकामा होता. देवचंद केबिनमध्ये बसायला तयार नव्हता. मागे रिकाम्या गोण्यांवर जाऊन पडला. मीही मागेच बसलो. पारोळ्याच्या किल्ल्याची भिंत मागे गेली, बोरी नदीचा पूल आला, आणि पुलावरचे धक्के बसायच्या आत तो झोपला होता. तोंड उघडं, एक हात पोटावर. ऊन चांगलं तापलं होतं, मी एक गोणी उभी धरून त्याच्या तोंडावर सावली केली. गावच्या फाट्यावर ड्रायव्हरने गाडी हळू करून विचारलं, इथेच उतरता का. मी त्याला हाताने खूण केली, आवाज करू नको, आणि सांगितलं की गाडी थेट लिलाबाईच्या दारापर्यंत घे.